उगोचाची काडी

विश्वनाथ आरोसकराने बांधलेलं कलम मेलं, असं वेंगुर्ल्यापासून सावंतवाडीपर्यंत कुणी सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्याने आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतला असता. तीन पिढ्यांचा तो हात. आजा संस्थानच्या बागेत कलमं बांधायचा, बापाने नर्सरी घातली, आणि विश्वनाथने आंबा, काजू, चिकू, जे म्हणाल ते परक्या खुंटावर नांदवून दाखवलं. मुलगी सासरी नांदवावी तसं, असं तो म्हणायचा. पुढे रस्त्याच्या कडेला जिकडेतिकडे नर्सऱ्या झाल्या, कलमं भाजीच्या जुडीसारखी विकली जाऊ लागली. तेव्हा त्याने एके दिवशी बायकोला, शेवंताला, सांगितलं, "हय हाताक मोल ऱ्हवला नाय. थय जावन बघतंय."

थय म्हणजे सौदी. आधी जेद्दाच्या रस्त्याकडेची हिरवळ शिंपण्यात त्याची दोन वर्षं गेली. कलमाचा चाकू ट्रंकेतच गंजला. मग एका एजंटाच्या ओळखीने तो उत्तरेला तबूकच्या एका मोठ्या शेतावर आला, आणि तिथे त्याच्या हाताला पुन्हा झाड मिळालं.

त्या शेतावर गहू गोल वाढायचा. मधोमध विहीर, तिच्याभोवती फिरणारा पाण्याचा लांब लोखंडी हात, त्या हाताच्या टापूत येईल तेवढं हिरवं आणि पलीकडे लगेच वाळू. हिवाळ्यात पहाटे नळात बर्फ व्हायचा. पंप सांभाळणारा रफीक दाभोळच्या खाडीकाठचा. तो हातमोजे चढवता चढवता म्हणायचा, "एजंटाने सौदी म्हणजे भट्टी सांगितलेली. मी सगळे मलमलचे शर्ट घेऊन आलो. आता त्यांची गोधडी शिवतो."

गव्हाच्या मागे, वारा अडवायला लावलेल्या सुरूंच्या आडोशाला, द्राक्षाचा एक जुना तुकडा होता. वेली जाड, पण फळ धड नव्हतं. तो तुकडा ज्याच्या ताब्यात होता तो म्हातारा काल्मान. लोकरीची टोपी, वाकलेले खांदे, आणि चालताना प्रत्येक वेलीला हात लावत जायची सवय. गायींच्या गोठ्यातून मालक फिरतो तसा तो फिरायचा. अर्धं इंग्रजी, पाव अरबी आणि उरलेलं हातवारे, एवढ्यावर त्याचं सगळ्यांशी जमायचं.

एका शुक्रवारी मेसमध्ये जेवताना रफीकने त्याला विचारलं, "मिस्टर काल्मान, तुमचा मुलूख कोणता?"

"उगोचा."

"हे कुठल्या देशात येतं?"

म्हाताऱ्याने रोटीचा तुकडा खाली ठेवला. "कधी?" त्याने विचारलं.

टेबलावर हशा पिकला. पण म्हातारा गंमत करत नव्हता. त्याने मिठाची वाटी एका कडेला ओढली, रोटीचे तुकडे तिच्याभोवती डोंगरासारखे रचले आणि तिथून चमचा तिरपा ठेवला. "ही तिसा. नदी. इथे वर डोंगरात मिठाच्या खाणी. मीठ तराफ्यांवर लादून खाली आणायचे. नदी डोंगरातून सुटते आणि एकदम सपाटीला लागते, ती जागा म्हणजे आमचा जिल्हा. डोंगर संपतो, मैदान सुरू होतं. एका अंगाला ओक आणि लाकूडतोडे, दुसऱ्या अंगाला गहू, मका. मधे काळा डोंगर. काळा म्हणतात, पण त्याच्या उन्हाच्या अंगाला सगळी द्राक्षं. आणि पायथ्याशी आमचं गाव. गावाच्या नावातच द्राक्ष आहे."

"केवढा जिल्हा?"

"हंगेरीतल्या अगदी लहानांतला. घोडा दमायच्या आत संपायचा." मग डोळे बारीक करून तो म्हणाला, "पण ऐट केवढी! जुनी गोष्ट सांगतात. परका राजा गादीवर बसणार होता. सगळ्या जिल्ह्यांनी माना डोलावल्या. आमचा माणूस उठला आणि म्हणाला, उगोचा याला मुकुट घालत नाही."

"मग राजाने काय केलं?"

"राजाने मुकुट घातला. तो आम्हाला कुठे विचारायला आला होता?"

रफीक टेबलावर हात आपटून हसला. "म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या चाचांसारखं. अख्ख्या जमातीने ठराव केला, की चाचांचा विरोध."

मग म्हाताऱ्याने सुरीने रोटीचा डोंगर आणि मैदान दोन भागांत कापलं. पहिलं महायुद्ध हरल्यावर असं कापलं, तो म्हणाला. मोठा तुकडा चेकोस्लोव्हाकियाला, धाकटा रोमानियाला. सोयरे पलीकडे, शेत अलीकडे. पुढे वीस वर्षांनी हंगेरी परत आली. त्या राजवटीत काल्मान जन्मला. तो चालायला लागेपर्यंत रशियन आले. त्याचे केस पिकेपर्यंत रशियनही गेले आणि युक्रेन आला. "माझी आई त्याच घरात जन्मली आणि त्याच घरात मेली. पण नकाशावर उगोचा नावाचं आता काहीही नाही."

विश्वनाथ इतका वेळ गप्प जेवत होता. त्याने हात पुसले. "आमचंही असंच," तो म्हणाला. "माझा बाप जन्मला तेव्हा आमचं घर सावंतवाडी संस्थानात होतं. मी जन्मलो तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. माझी मुलगी रूपाली जन्मली तर म्हणे सिंधुदुर्ग. घराच्या चौकटीला कुणी हात नाही लावला."

काल्मानने त्याच्याकडे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्या शेतावर त्याचं बोलणं कुणी पुढे नेलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून विश्वनाथ गव्हावरून द्राक्षावर आला.

शेताचा मालक अबू नासिर. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा हिशोब सरळ होता. त्या वर्षी, दोन हजार आठ साली, सरकारने गव्हाची खरेदी हळूहळू बंद करायचं ठरवलं, पाणी फार खोल गेलं म्हणून. जे पीक पाणी पिऊन काही देत नाही ते काढा, असा हुकूम त्याने शेतावर सोडला. जुन्या द्राक्षाचा तुकडा यादीत पहिला. तिथे ऑलिव्ह लावायचं. काल्मानने त्याच्याकडे एका हंगामाची मुदत मागितली. जुने खुंट तसेच ठेवून वरून कापायचे आणि त्यावर दुसऱ्या जातीचं कलम करायचं. पाळंमुळं तयारच होती. वर्षा-दोन वर्षांत फळ. अबू नासिर म्हणाला, "गहू कापायच्या आधी मी येईन. जिवंत दिसलं तर राहील. नाहीतर खलास."

आणि ज्या काड्या लावायच्या त्या म्हाताऱ्याच्या बापाच्या होत्या. काळ्या डोंगरावरचं ते जुनं द्राक्ष, टपोरं, पातळ सालीचं, खायचं. दारूबंदीच्या लाटेत रशियनांनी तो अख्खा उतार नांगरून काढला, त्याआधी काल्मानने पाचसहा काड्या अंगणातल्या भिंतीशी लावून घेतल्या होत्या. त्या वेलीच्या काड्या त्याने कागदपत्रं करून खोक्यात भरून तबूकला आणल्या. त्यानंतर त्याच हिवाळ्यात पुतण्याने ते घर विकलं आणि विकत घेणाऱ्याने गॅरेज बांधायला भिंत पाडली. वेलही गेली. शीतगृहात ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या काड्या होत्या, तेवढंच ते द्राक्ष आता जगात उरलं होतं. विश्वनाथला हे ठाऊक होतं. म्हाताऱ्याने त्याला काडी हातात देऊनच सांगितलं होतं.

फेब्रुवारी सरत आला तसं काल्मानच्या छातीत कळ आली. रफीकने गाडीत घालून शहरातल्या इस्पितळात नेलं. गाडीत बसवताना म्हातारा विश्वनाथचा दंड धरून सांगत होता, "अर्ध्या काड्या आता. अर्ध्या मी आल्यावर. आणि खुंटाला खाली जखम कर. जमिनीजवळ, दोन्ही अंगांनी. वेल रडली पाहिजे."

"यस, यस," विश्वनाथ म्हणाला.

इथेच सगळं फिरलं. विश्वनाथच्या बापाने त्याला जे पहिलं शिकवलं होतं ते हेच, की खुंट म्हणजे आई. तिला खाली कोयता लावायचा नाही. खाली जखम झाली की चीक जातो, जोर जातो, खोडकिडा शिरतो. कलमाची जागा सोडून खुंटाला ओरखडा काढणारा माणूस हा कलमवाला नव्हे, खाटीक. विश्वनाथने लहानपणी एकदा गंमत म्हणून खुंटावर चाकू चालवला, तर बापाने त्याला जेवायला वाढू दिलं नव्हतं. आता केस पिकल्यावर, दुखणाईत परदेशी म्हाताऱ्याच्या एका शब्दावर तो हात कसा उठवणार?

त्याने खुंट करवतीने सपाट कापले. कापताक्षणी त्यातून पाणी सुटलं. आंब्याचा चीक जाड, चिकट. हे तसं नव्हतं. हे झऱ्यासारखं स्वच्छ, थेंबाला थेंब लागून. झाडाचा जीव गळतोय असं त्याला वाटलं. त्याने खुंट चिरला, काडीची पाचर बसवली आणि प्लास्टिकची पट्टी अशी आवळून बांधली की थेंब बाहेर येऊ नये.

रफीक पाइप जोडायला आला होता. तो म्हणाला, "विशूभाऊ, म्हाताऱ्याने खाली काप घालायला सांगितले होते ना?"

"म्हातारो आजारी आसा. आजारी माणसाचा सगळा आयकाचा नसता."

"बघा हं. झाड त्याचं, मुलूख त्याचा."

"हात माझो आसा," विश्वनाथ म्हणाला.

अर्ध्या काड्या संपल्या. रांगा बांधून झाल्या. एका मापाच्या, एका आवळणीच्या, पाहणाऱ्याने उभं राहावं अशा. विश्वनाथने कंबर सरळ केली आणि त्या रांगांकडे बघून, गावी असता तर ओढली असती तशी एक बिडी ओढली.

मग वाट बघणं सुरू झालं. आंब्याचं कलम घट्ट बांधलं की गप्प असतं. ही कलमं गप्प नव्हती. पट्ट्या फुगू लागल्या. बोट दाबलं की आत पाणी हलायचं. त्याला वाटलं, रस भरतोय, चांगलंच आहे. पुढल्या आठवड्यात पट्टीच्या कडेला फेस दिसला, आणि वास आला. शिळ्या पेजेसारखा आंबूस. आसपास कुणी नाही असं पाहून विश्वनाथने एक पट्टी सोडली. काडी हाताला गुळगुळीत लागली. साल बोटाबरोबर निघून आली. खाली काळं.

त्याने ती काडी परत बसवली आणि पट्टी बांधून टाकली. जणू झाकल्याने ती जिवंत होणार होती. तोवर शेतावरचा इंजिनिअर विजयकुमार, आंध्रातला, गाडी थांबवून विचारत होता, "विश्वनाथ, शेख पूछ रहा है. बुढ्ढे का बाग जिंदा है कि नहीं?"

"जिंदा है, साब," विश्वनाथ म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

संध्याकाळी काल्मानचा फोन आला. इस्पितळातल्या नर्सच्या मोबाइलवरून. "रडतेय का?" त्याने विचारलं.

"नाही. एकदम कोरडं. एक थेंब नाही," विश्वनाथने घाईने सांगितलं. हे सांगताना आपण चांगली बातमी देतोय असंच त्याला वाटत होतं, की तसं वाटून घ्यायचं होतं, कोण जाणे.

पलीकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रफीकची गाडी सुरूंच्या आडोशाला येऊन थांबली. डॉक्टर नको म्हणत असताना म्हातारा निघून आला होता. अंगावर इस्पितळातला सदरा, वर रफीकचं जाकीट. तो सरळ पहिल्या वेलीपाशी गेला, गुडघे टेकले आणि विश्वनाथकडे हात पुढे केला. विश्वनाथने चाकू दिला. पट्टीला पातं लावायला म्हाताऱ्याला दोनदा मनगट धरावं लागलं. पट्टी तुटली. आतलं पाणी त्याच्या बुटावर सांडलं, आणि काळी काडी आपोआप आडवी झाली.

त्याने दुसरी वेल पाहिली. तिसरी. पुढच्या पाहिल्या नाहीत.

"का?" त्याने विचारलं.

विश्वनाथने जमिनीकडे बघत सांगितलं. खुंट म्हणजे आई, तिला खाली जखम करायची नाही, माझ्या बापाने शिकवलं.

"तुझ्या बापाचं झाड आंबा होतं," काल्मान म्हणाला. "आंबा थंडीत झोपत नाही. वेल झोपते. मेल्यासारखी. आणि उठते तेव्हा मुळातलं सगळं पाणी एकदम वर फेकते. खाली वाट दिली नाहीस, तर आपल्याच डोक्यावरचं पोर बुडवते." तो रिकाम्या क्रेटवर बसला. मग म्हणाला, "बाप म्हणतोस. माझ्या बापाचं ऐक."

"रशियन आले त्या हिवाळ्याच्या तोंडाशी दवंडी झाली," तो सांगू लागला. "आमच्या भाषेच्या सगळ्या धडधाकट पुरुषांनी हजर व्हा. तीन दिवसांचं काम आहे, छोटं काम. तीन दिवसांची भाकरी बरोबर घ्या. बाप गेला. आईने भाकरी बांधून दिली. तीन दिवसांचीच. कुणी जास्त बांधली नाही, कारण हुकमात तीन लिहिलं होतं. डोंगराकडच्या एका छावणीत नेलं म्हणतात. माझ्याकडे त्याचा फोटो नाही. कबर कुठे ते ठाऊक नाही. मला त्याचा चेहरा आठवत नाही. त्याने लावलेली वेल होती. एवढंच."

रफीक टोपी काढून उभा होता. विश्वनाथने क्रेटसमोर मातीतच बसकण मारली. त्याच्या तोंडून फार हळू आलं, "उरलेल्या काड्यांना मी हात लावत नाही. दुसरा कुणी बघा."

म्हाताऱ्याने आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला. हात पानासारखा हलत होता. "दुसरा कोण? हा?"

त्यानंतरचे दिवस विश्वनाथच्या जन्मात सगळ्यांत लांब गेले. दुसऱ्या अर्ध्यातल्या खुंटांना त्याने स्वतःच्या हाताने खाली काप घातले. पहिल्याला हात उचलेना. डोळे मिटून नाही, उघडे ठेवूनच घातला, पण त्या पात्याचा आवाज त्याच्या दातांत गेला. पाणी जे सुटलं ते थांबेना. बुंध्याशी चिखल झाला. वाळवंटात, जिथे थेंबासाठी पाताळ खणतात, तिथे प्रत्येक खुंटाखाली एक ओहोळ. काल्मान म्हणाला, हे कमी झाल्याशिवाय काडी लावायची नाही.

आणि तिकडे शीतगृहात काड्यांचे डोळे फुगू लागले होते. मार्च निम्मा सरला होता. दार उघडझाप झालं की थंडी उतरायची. म्हातारा रोज जाऊन एक काडी उजेडाकडे धरून बघायचा. डोळा फुटला की काडी संपली, मग तिला कुठलाच खुंट वाचवू शकत नाही. एकीकडे वेल रडणं थांबवेना, दुसरीकडे काडी जागी होऊ पाहतेय. यात आधी कोण, एवढाच प्रश्न होता, आणि तो माणसाच्या हातातला नव्हता.

रफीक मेसमध्ये चेष्टा करायचा थांबला. एकदा फक्त म्हणाला, "विशूभाऊ, तुम्ही आता पंपाचा आवाज ऐकला तरी दचकता."

"माका गपचूप बसांक दी," विश्वनाथ म्हणाला.

मग एका सकाळी बुंध्याशी चिखल सुकलेला दिसला. कापातून थेंब यायचा, पण थांबून थांबून. काल्मानने बोट लावून पाहिलं, जिभेला लावलं. "आज," तो म्हणाला.

काड्या आणल्या. काहींचे डोळे हिरवट झाले होते, त्या म्हाताऱ्याने बाजूला काढल्या आणि त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. उरल्या त्यांवर विश्वनाथ बसला. खुंट चिरायचा, पाचर सोलायची, सालीला साल लावायची. हे त्याचं होतं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तरी प्रत्येक बांधणीनंतर तो मान वर करून क्रेटवरच्या म्हाताऱ्याकडे बघायचा. म्हातारा मान हलवी, तेव्हा पुढची. पट्टी आता हलकी होती. वरून आवळलेली, खालून श्वास घेणारी. ऊन चढलं, पाठ भाजली, पण तो उठला नाही. तहान लागली म्हणून रफीकने बाटली त्याच्या तोंडाला लावली.

या वेळी पट्ट्या फुगल्या नाहीत. काप थोडे रडत राहिले, मग मिटले. आणि काडीवर डोळा हलला. उंदराच्या कानाएवढं, राखाडी, लवभरलं पान. विश्वनाथने ते पाहिलं आणि कुणाला हाक मारली नाही. हाक मारली तर ते मिटेल असं त्याला वाटलं.

एप्रिलमधली एक दुपार पिवळी झाली. दक्षिणेकडून वाळूचा वारा उठला. सुरू वाकून वाजू लागले. कोवळ्या पानांना ती वाळू म्हणजे कानस. विश्वनाथ पॅकिंगच्या शेडकडे धावला आणि टोमॅटोचे रिकामे क्रेट ओढत आणले. रफीकने पोती आणली. एका वेलीवर क्रेट, त्यावर पोतं, त्यावर दगड, मग पुढची. डोळे, नाक, दात सगळं वाळूने भरलं. काल्मानला गाडीत बसवून काच लावून घेतली होती. तो काचेवर आतून बोटाने दाखवत होता, ती राहिली, ती राहिली. वारा संध्याकाळी पडला. क्रेट उचलले तेव्हा कडेच्या रांगेची पानं जळाल्यासारखी झाली होती. आतल्या रांगांची तगली होती.

त्यानंतर अबू नासिर आला. गहू पिवळा पडायला लागला होता. बरोबर विजयकुमार, आणि मागे एक पिवळा बुलडोझर. त्याने आधी पहिल्या अर्ध्याच्या रांगा पाहिल्या. तिथे काळ्या काड्या तशाच उभ्या होत्या, आणि खाली जुन्या खुंटाला त्याच जुन्या, कामातून गेलेल्या जातीचे कोंब फुटले होते. मग दुसरा अर्धा. काही हिरवं, काही जळकं, काही नुसतंच लाकूड.

"हे कुणी केलं?" अबू नासिरने अरबीत विचारलं. विजयकुमारने हिंदीत सांगायच्या आधीच विश्वनाथ पुढे झाला. एवढी अरबी त्याला कळत होती.

"दोन्ही मीच केलं," तो म्हणाला. "ते मी मारलं. मिस्टर काल्मानने सांगितलेलं केलं नाही. हे त्याने सांगितलं तसं केलं."

विजयकुमारने त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. असं कोणी शेखसमोर बोलतं का? इकामा, इथे राहण्याचा परवाना, एका मिनिटात जातो.

अबू नासिरने काल्मानकडे पाहिलं. मग मालकाने विश्वनाथला विचारलं, "यातलं किती जगेल?"

सगळं जगेल असं म्हणणं सोपं होतं. शेखला तेच ऐकायचं होतं, विजयकुमारला तेच हवं होतं, आणि वेंगुर्ल्यापासून सावंतवाडीपर्यंत विश्वनाथ आरोसकराने दुसरं काही कधी सांगितलंच नव्हतं. त्याने जळक्या रांगेकडे बघितलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "उन्हाळा गेल्यावर कळेल. पण आतल्या दोन रांगा जातीच्या आहेत. त्या काढल्या तर ते द्राक्ष संपलं. दुसरीकडे कुठे नाही."

अबू नासिरने काठीने वाळूत रेघ ओढली. "इथपर्यंत काढा. आतल्या दोन राहतील. पाणी तेवढ्यालाच. यल्ला." आणि गाडीकडे वळला.

बुलडोझर दुपारभर चालला. विश्वनाथने जे मारलं होतं ते त्याच्या डोळ्यांदेखत मुळांसकट निघालं. मुळं जाड होती, पिवळी, लांब. ओढताना दोरखंडासारखी वाजायची. विश्वनाथ आडोशाला गेला नाही. बघत राहिला.

जूनच्या सुरुवातीला काल्मानचा खुरूज लागला. परत न येण्याचा शिक्का. तब्येतीने त्याला दुसरं काही ठेवलं नव्हतं. त्याची बहीण उगोचाच्याच बाजूला कुठेशी राहायची, तिच्याकडे चालला होता. जायच्या सकाळी तो दोन रांगांशी आला. तोवर कोंब वीतभर झाले होते, आणि पट्ट्या कापायची वेळ झाली होती. पट्टी ठेवली तर वाढणाऱ्या लाकडाचाच गळा आवळते. कापली तर कळतं, जोड खरा आहे की नुसता बांधलेला.

विश्वनाथने पहिली पट्टी कापली. कोंब हिरवा होता. त्याने अंगठ्याने जोडाला आडवा रेटा दिला, आणि काडी हातात आली. आत फक्त एका कडेने चिकटलेली. त्याने ती खाली ठेवली.

दुसरी. रेटा दिला. हलली नाही.

"तू रेटा दे," विश्वनाथ म्हणाला.

काल्मान वाकला. त्याने हात जोडावर ठेवला आणि जेवढा जोर होता तेवढा लावला. जोड हलला नाही. त्याने पुन्हा लावला. मग हात तिथेच ठेवून तो काही तरी बोलला, त्याच्या भाषेत. विश्वनाथला ते कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही.

तिसरी तुटली. चौथी राहिली. पाचवी राहिली. दोघे असेच रांगेने पुढे गेले. विश्वनाथ कापायचा, म्हातारा रेटायचा. तुटली की काडी मातीत पडायची, राहिली की म्हातारा तिच्या कोंबाला तारेशी लावून द्यायचा आणि विश्वनाथ सैल गाठ मारायचा. रफीकने दोनदा हॉर्न दिला. विमानाची वेळ होत होती. दुसऱ्या रांगेच्या मध्यावर म्हाताऱ्याने चाकूकडे बोट केलं, पुढच्या वेलीकडे केलं, आणि गाडीकडे चालू लागला.

विश्वनाथ पुढच्या वेलीशी बसला आणि पट्टीला पातं लावलं.